दुकानाचं सोशल मीडिया खातं: किल्लीपासून गिऱ्हाइकापर्यंत

कोल्हापूरच्या चप्पल लाईनमधलं दुकान असो, हुपरीतला चांदीचा कारखाना असो, की गुऱ्हाळावरून थेट गूळ विकणारं घर असो, दुकानाचं इन्स्टाग्राम खातं बहुतेक ठिकाणी पुतण्याच्या मोबाईलवर उघडलेलं असतं. नंबर त्याचा, ईमेल त्याचा, पासवर्डही त्याच्याच डोक्यात. दोन वर्षांनी तो नोकरीसाठी पुण्याला जातो, नंबर बदलतो आणि ऐन नवरात्रात खातं लॉगआउट होतं. ओटीपी जुन्या सिमवर जातो, सिम बंद असतं. दोन वर्षांचे फोटो आणि गिऱ्हाइकांचे सगळे मेसेज डोळ्यांसमोर दिसत असूनही हाती लागत नाहीत.

म्हणून या लेखात फोटो आणि रील नंतर येतील, आधी किल्ली. सगळीकडे उदाहरण एकाच धंद्याचं घेतलं आहे: कोल्हापुरी चपलांचं लहान दुकान. मिसळ, साज, गूळ, कापड यांचं काम याच वाटेने चालतं, फक्त माल बदलतो.

किल्ली आपल्याकडे ठेवा

दुकानासाठी वेगळा जीमेल उघडा. घरच्यांचे फोटो आणि बँकेचे मेल येतात तो वापरू नका. मोबाईल नंबर मालकाच्या नावावरचा आणि कायम रिचार्ज होणारा असावा. रिचार्जविना पडून राहिलेलं सिम बंद होतं आणि तोच नंबर काही महिन्यांनी दुसऱ्या कोणाला दिला जातो. मग तुमच्या खात्याचे ओटीपी अनोळखी माणसाच्या फोनवर जातात.

पासवर्ड किमान १२ अक्षरांचा ठेवा आणि जीमेलचा वेगळा, इन्स्टाग्रामचा वेगळा. दुकानाचं नाव आणि पुढे १२३ हा पासवर्ड कोणालाही सुचतो. त्यानंतर इन्स्टाग्रामच्या सेटिंगमध्ये अकाउंट्स सेंटर, मग पासवर्ड अँड सिक्युरिटी, मग टू-फॅक्टर ऑथेंटिकेशन (पासवर्डसोबत दुसरा कोडही मागणारी सोय) इथपर्यंत जा आणि ते सुरू करा. एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲप (फोनवरच कोड तयार करणारं) घेतलं तर रेंज नसतानाही कोड मिळतो. फोन हाताशी नसताना वापरायचे बॅकअप कोडही तिथेच मिळतात. ते कागदावर उतरवा आणि शॉप ॲक्टच्या कागदांसोबत ठेवा. फोनमध्ये स्क्रीनशॉट काढून ठेवण्यात अर्थ नाही, कारण फोन हरवला की कोडही हरवतात.

व्हॉट्सॲपला ६ आकडी टू-स्टेप पिन लावा आणि त्याला रिकव्हरी ईमेल जोडा. हे काम दोन मिनिटांचं आहे, तरी सगळ्यात जास्त राहून जातं.

दुकानात पोस्ट टाकायला मुलगा किंवा मुलगी ठेवली असेल तर तिला पासवर्ड देऊ नका. फेसबुक पेज काढा, इन्स्टाग्राम खातं त्याला जोडा आणि मेटा बिझनेस सूट या मेटाच्या (फेसबुक-इन्स्टाग्रामच्या कंपनीच्या) साधनातून तिला पोस्ट करण्यापुरता आणि मेसेजपुरता प्रवेश द्या. काम सोडताना एका बटणावर तो काढता येतो, कोणाला वाईट वाटत नाही आणि पासवर्डही बदलावा लागत नाही. पेजचा पूर्ण ताबा मात्र घरातल्या दोघांकडे असू द्या. एकाचं खातं अडकलं तरी दुसऱ्याला दार उघडता येतं.

कुठे कुठे खातं उघडायचं

सुरुवातीला तीन ठिकाणं पुरेत: इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप बिझनेस आणि गुगल मॅपवरचं बिझनेस प्रोफाइल. फेसबुक पेज जोडलेलं असतंच, इन्स्टाग्रामवरची पोस्ट तिथे आपोआप जाऊ द्या. दुकानाच्या नावाने फेसबुकवर माणसासारखं प्रोफाइल उघडणारे अजून आहेत. ते नियमात बसत नाही आणि ५,००० मित्रांवर अडतं, त्यामुळे पेजच काढा.

यूट्यूबचा विचार सहा महिन्यांनी करा. पाच ठिकाणी खाती उघडून चार ओसाड पडली, तर शोधत आलेल्या माणसाला दुकान बंद झालंय असंच वाटतं.

गुगल प्रोफाइलला अनेकजण सोशल मीडियात धरत नाहीत. कोल्हापुरात मात्र ते सोडून चालणार नाही. अंबाबाईच्या दर्शनाला आलेलं सोलापूरचं किंवा बेळगावचं कुटुंब मंदिराबाहेर पडतं, फोनमध्ये 'कोल्हापुरी चप्पल' टाकतं आणि नकाशावर जे उघडं दिसेल तिकडे चालू लागतं. प्रोफाइलच्या पडताळणीसाठी गुगल बहुधा व्हिडिओ मागतं. त्यात रस्ता, दुकानाची पाटी आणि तुम्ही स्वतः शटर उघडताना किंवा गल्ल्यावर बसलेले, हे सलग दिसलं पाहिजे. मधे कट चालत नाही. सणाच्या दिवसांसाठी 'स्पेशल अवर्स' वेगळे भरता येतात, ते दसऱ्याआधीच भरून ठेवा.

नाव आणि बायो

इन्स्टाग्रामचं युजरनेम रोमन अक्षरांतच घेता येतं, कमाल ३० अक्षरं. ते फोनवर तोंडी सांगून बघा. 'मधे अंडरस्कोर, मग दोन आय, मग डॉट' असं सांगावं लागत असेल तर सोपं करा. त्याच्याखाली 'नेम' नावाचा वेगळा रकाना असतो आणि शोधताना तोही धरला जातो. तिथे दुकानाचं नाव आणि 'कोल्हापुरी चप्पल' असं दोन्ही लिहा. हा रकाना १४ दिवसांत दोनदाच बदलता येतो, म्हणून आधी शुद्धलेखन तपासा.

बायोला, म्हणजे प्रोफाइलवरच्या ओळखीच्या मजकुराला, १५० अक्षरांची मर्यादा आहे. मराठीत काना, मात्रा, वेलांटी वेगवेगळी मोजली जातात. 'कोल्हापूर' हा शब्द बघायला चार अक्षरांचा, पण मोजायला नऊ. त्यामुळे 'आमच्या येथे सर्व प्रकारच्या' अशी पाटीवरची भाषा इथे परवडत नाही. असं लिहा:

हाताने शिवलेली कोल्हापुरी चप्पल · भवानी मंडपाजवळ, कोल्हापूर · स. १० ते रा. ९, सोमवार बंद · दर आणि मापासाठी खालची लिंक

हे सव्वाशे अक्षरांच्या आत बसतं. खालची लिंक व्हॉट्सॲपची द्या. व्हॉट्सॲप बिझनेसच्या टूल्समध्ये 'शॉर्ट लिंक' तयार मिळते, ती दाबली की थेट तुमच्याशी चॅट उघडतं.

खातं 'प्रोफेशनल' करून घ्या, मोफत असतं. किती लोकांनी पाहिलं, किती जणांनी पोस्ट सेव्ह केली, पाहणारे कुठल्या गावचे, हे सगळं त्यानंतरच दिसायला लागतं. आधीच्या पोस्टचा हिशेब मागे जाऊन मिळत नाही, म्हणून हे पहिल्याच दिवशी करा. 'बिझनेस' प्रकारात एक अडचण येते. गाजलेली सिनेमाची गाणी रीलला लावता येत नाहीत, कारण त्यांचा परवाना धंद्याच्या वापरासाठी नसतो. दुसऱ्या फोनवरून गाणं वाजवून रेकॉर्ड केलं तर रीलचा आवाज बंद केला जाऊ शकतो. चपलेच्या दुकानाला गाण्याची गरजही नाही, त्याचं पुढे बघू.

फोटो: इथे वेळ घाला

कोल्हापुरी चप्पल फोटोत सहसा दोन कारणांनी बिघडते. ट्यूबलाइटखाली चामड्याचा तांबूस रंग हिरवट-पिवळा येतो, आणि फ्लॅश मारला की तेल दिलेलं चामडं चमकून वेणीची वीण दिसेनाशी होते. दोन्हींवर उपाय एकच: सकाळी नऊ ते अकराच्या सुमारास दाराच्या आत, सावलीत, उजेड बाजूने येईल असं बसा. दुकानातले दिवे त्या वेळी बंद करा. दोन रंगांचे उजेड मिसळले की फोनला खरा रंग ठरवता येत नाही.

खाली साधं घोंगडं, चटई किंवा न रंगवलेलं सुती कापड अंथरा. रंगीत सॅटिन आणि प्लॅस्टिकची फुलं नकोत. फोनची लेन्स सदऱ्याच्या टोकाने नव्हे, मऊ सुती कापडाने पुसा. बरेच धूसर फोटो लेन्सवरच्या बोटाच्या डागामुळे येतात. फोटो काढताना स्क्रीनवर चपलेवर बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड तिथेच अडकतो. मग उजेडाची खूण किंचित खाली ओढा, गडद चामड्याचा पोत उठून येतो.

एका जोडाचे पाच फोटो पाहिजेत. वरून पूर्ण जोड. बाजूने, फोन जमिनीला टेकवून, म्हणजे तळाची जाडी आणि थर दिसतात. वेणीचा आणि कानांचा (बाजूच्या पाळ्यांचा) इतका जवळून की टाका मोजता यावा. उलटा करून तळवा, कारण पारखणारं गिऱ्हाईक तेच बघतं. आणि शेवटी पायात घातलेला, कारण पट्टा पायावर कुठे बसतो ते दुसऱ्या कुठल्याही फोटोत कळत नाही. हे पाचही एकाच पोस्टमध्ये टाका, उभे, ४:५ प्रमाणात, १०८० बाय १३५० पिक्सेल. इन्स्टाग्रामचं प्रोफाइल आता उभे चौकोन दाखवतं, त्यामुळे डावा-उजवा काठ थोडा मोकळा ठेवा.

फिल्टर लावू नका. फोटोत गडद लालसर दिसलेली चप्पल पार्सलमधून फिकी निघाली तर ती परत येते, आणि वर एक तारा मिळतो.

रील

उभा व्हिडिओ, १०८० बाय १९२०, लांबी १५ ते ३० सेकंद. पहिल्या दोन सेकंदांत दुकानाची पाटी दाखवू नका, हात दाखवा: आरी चामड्यात शिरताना, वादी (चामड्याची बारीक पट्टी) ओढून घेताना, वेणी घालताना. लोक तिथे थांबतात. आणि आवाज त्या कामाचाच ठेवा. चामडं ठोकण्याचा ठोका हेच या रीलचं संगीत, आणि त्यावर कोणाचा हक्कही नाही. पंखा बंद करून शूट करा, नाहीतर ठोक्यापेक्षा घरघरच जास्त ऐकू येते.

बरेच लोक आवाज बंद करून बघतात, म्हणून स्क्रीनवर एक-दोन ओळी मराठीत लिहा: 'खिळा नाही, वादीने शिवण', 'कापशी, दर १,४०० रुपये' (कापशी हा कोल्हापुरी चपलेचा एक प्रकार). अक्षरं खालच्या पाव भागात ठेवू नका. तिथे नाव, कॅप्शन आणि बटणं येतात, लिहिलेलं झाकलं जातं. दुसऱ्या ॲपचा शिक्का असलेला व्हिडिओ जसाच्या तसा टाकला तर इन्स्टाग्राम तो नव्या लोकांपर्यंत कमी नेतं. मूळ, शिक्का नसलेली प्रत टाका.

रंकाळ्याच्या संध्याकाळचा सुंदर फोटो कोणीतरी काढलेला असतो आणि तो उचलून आपल्या पोस्टला लावायचा मोह होतो. खाली 'फोटो सौजन्य' लिहिणं म्हणजे परवानगी नव्हे. विचारा, बहुतेकजण हो म्हणतात. गिऱ्हाइकाचा चेहरा दाखवतानाही विचारा, लहान मुलांचा असेल तर आईवडिलांना.

कॅप्शनमध्ये दर लिहा

'दरासाठी इनबॉक्स करा' ही सवय सोडा. दर लपवला की बरेच जण विचारतच नाहीत, पुढे सरकतात. दर उघडा असला की विचारणारा घ्यायच्या तयारीने येतो. कॅप्शनला २,२०० अक्षरं मिळतात, पण उघडण्याआधी पहिली ओळच दिसते. म्हणून पहिल्या ओळीत माल आणि दर, मग मापं, मग किती दिवसांत मिळेल, मग पत्ता. उदाहरणार्थ:

कापशी, हाताने शिवलेली, १,४०० रुपये.
माप ६ ते १०. तयार जोड लगेच, ऑर्डरचा जोड ८ दिवसांत.
पावसात वापरू नका. भिजली तर सावलीत वाळवा, उन्हात नको.
भवानी मंडपापासून चालत ३ मिनिटं.

त्याखाली एक ओळ रोमन लिपीत इंग्रजीत लिहा, कारण हैदराबाद-बंगळूरचं गिऱ्हाईक देवनागरीत शोधणार नाही. हॅशटॅग तीन ते पाच बास: मालाचा, गावाचा, प्रकाराचा. लोकेशन टॅग कोल्हापूरचा न चुकता.

शब्द जपून वापरा. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं. त्यात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे आहेत. मानांकनाचा शिक्का वापरायचा तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते, ती नसेल तर पोस्टवर तो चिकटवू नका. रेक्झिनला 'चामडं' म्हणू नका. खाण्याचा धंदा असेल तर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा परवान्याचा) १४ आकडी क्रमांक बिलावर असतो, तो प्रोफाइलच्या हायलाइटमध्येही (प्रोफाइलवर कायम राहणाऱ्या स्टोरीत) ठेवा. घरगुती चटणी आणि कांदा-लसूण मसाला मागवणारे तो विचारतात.

उत्तर द्यायची व्यवस्था

कमेंटमध्ये एकच प्रश्न शंभरदा येतो: 'नऊ नंबर मिळंल का?' त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी दिलं तर तोवर चप्पल दुसरीकडून घेतलेली असते. यासाठी व्हॉट्सॲप बिझनेस वापरा. साधं व्हॉट्सॲप आणि बिझनेस एकाच नंबरवर एकाच वेळी चालत नाही, म्हणून आधी बॅकअप घेऊन मग नंबर हलवा.

त्यात चार गोष्टी भरा. कॅटलॉग: प्रत्येक जोडाचा फोटो, दर आणि कोड, ५०० पर्यंत वस्तू बसतात. ग्रीटिंग मेसेज: पहिल्यांदा लिहिणाऱ्याला आपोआप जातो. अवे मेसेज: दुकान बंद असतानाचा, त्यात 'उद्या सकाळी १० नंतर उत्तर देतो' अशी नेमकी वेळ. आणि क्विक रिप्लाय, म्हणजे स्लॅश टाइप केलं की तयार उत्तरांची यादी येते. दर, पत्ता, पार्सल खर्च आणि माप, एवढी चार उत्तरं तयार ठेवा.

मापाचं उत्तर नीट लिहा, कारण पार्सल परत येण्याचं मोठं कारण तेच असतं. बुटाच्या नंबरावर विसंबू नका, कंपनीगणिक तो बदलतो. असं सांगा:

'नमस्कार ताई. कागद भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवा. टाच भिंतीला लावून दोन्ही पायांवर उभ्या राहा. सगळ्यात लांब बोटापाशी खूण करा. भिंतीपासून खुणेपर्यंत किती सेंटिमीटर ते कळवा. दोन्ही पाय मोजा, मोठ्या पायाचं माप धरू. पाऊल रुंद असेल तर तेही सांगा.'

संध्याकाळी मोजायला सांगा, दिवसभरात पाय थोडा सुजतो. नवी कोल्हापुरी सुरुवातीला घट्ट बसते आणि मग सैल होते, हेही त्याच मेसेजमध्ये लिहा. नाहीतर दुसऱ्या दिवशी 'लहान झाली' म्हणून फोन येतो.

चॅटला लेबल लावा: नवीन, पैसे यायचे, पाठवायचे, पोचले. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. म्हणून बिल देताना 'नंबर सेव्ह करा, नवा माल आला की फोटो पाठवतो' असं तोंडाने सांगा. महिन्याला दोन मेसेज पुरेत. रोज 'शुभ सकाळ' पाठवणाऱ्या दुकानाला लोक ब्लॉक करतात.

वाईट कमेंट आली तर पुसू नका. एकदाच, उघडपणे, दोन ओळींत उत्तर द्या आणि पुढचं बोलणं फोनवर न्या. शिवी असेल तर मात्र लपवा.

कोल्हापूरच्या पंचांगावर पोस्ट लावा

आठवड्याला तीन पोस्ट धरा: एक माल, एक हातकाम, एक गिऱ्हाइकाच्या प्रश्नाचं उत्तर. रविवारी तासभर बसून तिन्ही तयार करा आणि मेटा बिझनेस सूटमध्ये वेळ लावून ठेवा. वेळ कोणती, हे इनसाइट्समध्ये (खात्याच्या आकडेवारीत) तुमचे लोक कधी ऑनलाइन असतात ते बघून ठरवा.

वर्षाचं गणित मात्र गावावरून मांडा. ज्योतिबाची चैत्र यात्रा, गणपती, अंबाबाईचं नवरात्र, दसरा चौकातला शाही दसरा, नोव्हेंबरात आणि जानेवारीअखेर होणारा किरणोत्सव, मग लग्नसराई. हाताने शिवलेल्या जोडाला दिवस लागतात, म्हणून नवरात्राच्या पोस्ट घटस्थापनेच्या तीन आठवडे आधी सुरू करा. घटस्थापनेदिवशी सुरू केल्या तर ऑर्डर घेता येते, देता येत नाही. गुळाचा धंदा असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात गाळप सुरू होतं, पहिल्या काहिलीचा व्हिडिओ तेव्हाच काढून ठेवा.

जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि देशभर या चपलेची चर्चा झाली. असा दिवस सांगून येत नाही. प्रोफाइलच्या वर पिन केलेल्या तीन पोस्ट कायम तयार असाव्यात: चप्पल कशी बनते, दर काय, कशी मागवायची. त्या दिवशी येणारा नवा माणूस एवढंच बघतो.

पैसे कधी खर्च करायचे

पहिले दोन महिने जाहिरात नको. जी पोस्ट आपसूक चालली, ज्यावर दर विचारला गेला, तीच बूस्ट करा, म्हणजे पैसे देऊन जास्त लोकांना दाखवा. उद्देश 'मेसेज' निवडा, लाईक नव्हे. दुकानात येणारं गिऱ्हाईक हवं असेल तर कोल्हापूर आणि २५ किलोमीटर, पार्सल पाठवत असाल तर पुणे-मुंबई. रोज २०० रुपये, पाच दिवस. हजार रुपयांवर १८ टक्के जीएसटी धरा. मग वहीत लिहा: किती मेसेज आले, किती जोड गेले. पुढच्या वेळी फोटो किंवा गाव यातलं एकच बदला, म्हणजे फरक कशाने पडला ते कळतं.

रीलवाल्यांना बोलावताना फॉलोअर्सचा आकडा विचारू नका. त्यांच्या इनसाइट्समधला शहरांचा स्क्रीनशॉट मागा. मिसळच्या हॉटेलला दिल्लीचे फॉलोअर्स काही कामाचे नाहीत. किती रील, किती स्टोरी, कोणत्या तारखेला, तो व्हिडिओ आपल्याला पुन्हा वापरता येईल का, हे मेसेजवर लिहून घ्या. पैसे किंवा फुकट माल दिला असेल तर 'पेड पार्टनरशिप' लेबल लागलंच पाहिजे.

फॉलोअर्स विकत घेऊ नका. खोटी खाती पोस्टकडे बघत नाहीत, त्यामुळे ती पोस्ट खऱ्या माणसांनाही कमी दाखवली जाते.

फसवणूक आणि खातं गेलं तर

'तुमच्या पोस्टवर कॉपीराइटची तक्रार आहे, २४ तासांत खातं बंद होईल, इथे दाबा' असा मेसेज येतो. लिंक उघडू नका. इन्स्टाग्रामने खरोखर मेल पाठवला असेल तर तो ॲपच्या पासवर्ड अँड सिक्युरिटीमध्ये 'रिसेंट ईमेल्स'मध्ये दिसतो. तिथे नसेल तर मेसेज खोटा. 'ब्लू टिक मिळवून देतो'वालेही त्यातलेच.

दुसरा प्रकार गिऱ्हाइकाच्या वेषात येतो. 'मी आर्मीत आहे, वीस जोड पाहिजेत, क्यूआर पाठवतो, स्कॅन करा म्हणजे पैसे येतील.' पैसे घ्यायला स्कॅन करावं लागत नाही, यूपीआय पिनही लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट बघून माल पाठवू नका, आपल्या बँकेत जमा झालेले बघा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, जितका उशीर तितके ते पुढे सरकतात.

खातं हॅक झालं तर आधी जीमेल बघा. ईमेल बदलला गेला की इन्स्टाग्राम जुन्या पत्त्यावर कळवतं आणि तो बदल उलटवायची लिंक देतं. ती नसेल तर ब्राउझरमध्ये 'इन्स्टाग्राम डॉट कॉम स्लॅश हॅक्ड' उघडून पायऱ्या पाळा. ओळख पटवायला ते चेहऱ्याचा व्हिडिओ मागू शकतात, आणि तो खात्यावरच्या फोटोंशी ताडतात. खात्यावर नुसत्या चपलाच असतील तर ताडणार कशाशी? म्हणून मालकाचे दोन-तीन स्वच्छ फोटो आधीपासून पोस्टमध्ये असू द्या. खातं हातात आलं की पासवर्ड बदला, सगळी अनोळखी डिव्हाइस लॉगआउट करा आणि गिऱ्हाइकांना स्टोरीवरून कळवा की मधल्या काळातल्या पैशांच्या मागण्या तुमच्या नव्हत्या.

२९ जून २०२० ला भारतात टिकटॉक बंद झालं, तेव्हा लाखो फॉलोअर्सची खाती एका रात्रीत निरुपयोगी झाली. ज्यांच्याकडे गिऱ्हाइकांचे नंबर होते, त्यांचा धंदा त्या नंबरांवर चालू राहू शकला. महिन्याच्या शेवटच्या दिवशी व्हॉट्सॲपवरची नावं, नंबर, पायाचं माप आणि शेवटची खरेदी एका शीटमध्ये उतरवा. शीट जीमेलला ठेवा आणि एक छापील प्रत गल्ल्याखालच्या कप्प्यात, बॅकअप कोडच्या शेजारी.